रिॲक्टरमधल्या कूलंटचं सिम्युलेशन: आधी वही, मग मेश

जानेवारीत गड्ड्याची जत्रा उरकली की सोलापुरातल्या फायनल इयरच्या पोरांना प्रोजेक्ट आठवतं आणि मार्चपर्यंत इनबॉक्समध्ये तेच ते प्रश्न येऊन पडतात. सर आउटलेट टेंपरेचर ४४० अंश येतंय बरोबर आहे का, सर रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली येईनात, सर गाइड म्हणतात व्हॅलिडेशन कुठाय. दहातल्या आठ जणांचं चुकलेलं असतंय ते सॉफ्टवेअरमध्ये नाही, सॉफ्टवेअर उघडायच्या आधीच चुकलेलं असतंय. थेट मेश (पाण्याची जागा बारीक तुकड्यांत, म्हणजे सेलमध्ये, वाटणारी जाळी) करायला बसतात, रंगीत चित्र येतं, चित्र छान दिसतंय म्हणजे उत्तर बरोबर असं धरून चालतात.

म्हणून इथे एकच केस घेऊन सगळे टप्पे क्रमाने लिहितोय. प्रेशराइज्ड वॉटर रिॲक्टर, म्हणजे पीडब्ल्यूआरमधल्या चार इंधन कांड्यांच्या मधली पाण्याची एक वाट, जिला सबचॅनल म्हणतात. ओपनफोम हे सीएफडीचं, म्हणजे प्रवाहाची समीकरणं कॉम्प्युटरवर सोडवायचं, सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून उदाहरणं त्यातली, पण फ्लुएंट किंवा स्टार सीसीएम वापरणाऱ्यांनाही आकडे तेच लागू. क्रम मोडू नका, टप्पा ३ चा वेळ वाचवायला टप्पा १ गाळला तर शेवटी दोन्ही परत करावे लागतात.

टप्पा १: प्रश्न एका ओळीत लिहा

"न्यूक्लियर रिॲक्टरचं सीएफडी ॲनॅलिसिस" हा प्रश्न नाही, हे टायटल झालं. प्रश्न असा पाहिजे: अमुक दाबाला, अमुक फ्लोला, अमुक उष्णता दिल्यावर कांडीच्या बाहेरच्या भिंतीचं सगळ्यात जास्त तापमान किती आणि ते कुठल्या उंचीवर? हे एका ओळीत लिहिलं की काय मोजायचं, काय सोडायचं ते आपोआप ठरतं.

अख्खा रिॲक्टर लॅपटॉपवर सीएफडीत बसत नाही. पीडब्ल्यूआरच्या एका १७ बाय १७ च्या असेंब्लीत २८९ जागा असतात आणि कोअरमध्ये अशा दीड-दोनशे असेंब्ली. म्हणून उद्योगात कामं वाटलेली असतात: अख्ख्या प्लँटसाठी रिलॅपसारखे सिस्टिम कोड, असेंब्लीसाठी कोब्रा घराण्यातले सबचॅनल कोड, आणि जिथे बारीक तपशील पाहिजे तिथेच सीएफडी. तुम्ही त्यातला शेवटचा छोटा तुकडा करताय, रिपोर्टमध्ये तसंच लिहा. "रिॲक्टर सुरक्षित आहे" हे वाक्य तुमच्या निष्कर्षात यायलाच नको, ते ठरवायला एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) बसलेलं आहे मुंबईत.

टप्पा २: आकडे गोळा करा, पण एकाच रिॲक्टरचे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पोरं कांडीचा व्यास एका पेपरमधून घेतात, दाब दुसऱ्यातून, फ्लो तिसऱ्या देशाच्या रिॲक्टरचा. मग काहीच कशाशी जुळत नाही आणि दोष बिचाऱ्या सॉल्व्हरला (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामला).

आपण हे धरू, नेहमीच्या पीडब्ल्यूआरच्या जवळचे आकडे आहेत:

- कांडीचा बाहेरचा व्यास ९.५ मिमी, दोन कांड्यांच्या मध्यांतलं अंतर म्हणजे पिच १२.६ मिमी, चौकोनी मांडणी
- तापणारी लांबी ३.६६ मीटर, पाणी खालून वर
- दाब १५.५ मेगापास्कल, म्हणजे १५५ बार
- पाणी आत येताना २९० अंश सेल्सिअस
- मास फ्लक्स ३५०० किलो प्रति चौरस मीटर प्रति सेकंद
- सरासरी उष्णता १८ किलोवॅट प्रति मीटर कांडी

या दाबाला पाणी उकळतं ते जवळपास ३४५ अंशाला. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे चार वेळा लागणार आहे.

आता पाण्याचे गुणधर्म. इथे सोलापूरची एक खास चूक सांगतो. आपल्याकडची बरीच पोरं एनटीपीसीच्या सोलापूर प्लँटला ट्रेनिंग करून आलेली असतात आणि त्या रिपोर्टमधले स्टीमचे आकडे इकडे उचलतात. ते युनिट ६६० मेगावॅटचे सुपरक्रिटिकल आहेत, म्हणजे तिथला दाब पाण्याच्या क्रिटिकल दाबाच्या, २२.०६ मेगापास्कलच्या वर. तिथे नेहमीसारखं उकळणंच नसतं. पीडब्ल्यूआर त्या रेषेच्या बऱ्यापैकी खाली चालतो, त्यामुळे तो टेबल इथे कामाचा नाही. पाणी-वाफेच्या गुणधर्मांचं आयएपीडब्ल्यूएस या आंतरराष्ट्रीय संस्थेचं १९९७ चं सूत्र, ज्याला आयएफ-९७ म्हणतात, ते वापरा. पायथनमध्ये कूलप्रॉप ही गुणधर्म काढणारी लायब्ररी टाकली तरी काम होतंय.

आणि २५ अंशाच्या पाण्याचे गुणधर्म तर अजिबात नको. १५५ बारला २९० अंशाच्या पाण्याची घनता ७४५ च्या आसपास असते, ३२८ अंशाला ती ६५५-६६० पर्यंत उतरते. विशिष्ट उष्णता त्याच अंतरात साधारण सव्वापाचवरून साडेसहा किलोज्यूलपर्यंत चढते. सॉफ्टवेअरच्या डिफॉल्ट यादीतलं "वॉटर लिक्विड" निवडलं की ९९८ आणि ४.१८ येऊन बसतं आणि तुम्हाला कळतही नाही.

तपासा: प्रत्येक आकड्यापुढे युनिट लिहिलंय का? दाब ॲब्सोल्यूट की गेज? तापमान सेल्सिअस की केल्विन?

टप्पा ३: वहीवर उत्तर काढा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो पण खरं काम हेच. तासाभराचं गणित आहे, कॅल्क्युलेटर घ्या आणि करा.

चार कांड्यांच्या मधला चौकोन घ्या. पाण्याला वाहायला जागा म्हणजे पिचचा वर्ग वजा कांडीच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ: १५८.७६ वजा ७०.८८, म्हणजे ८७.९ चौरस मिमी. ओला परीघ चार पाव कांड्यांचा मिळून एका कांडीएवढा, २९.८ मिमी. हायड्रॉलिक व्यास म्हणजे क्षेत्रफळाची चौपट भागिले ओला परीघ, ११.८ मिमी.

फ्लो ०.३०८ किलो प्रति सेकंद. एकूण उष्णता १८ गुणिले ३.६६, म्हणजे ६५.९ किलोवॅट. सरासरी विशिष्ट उष्णता ५.६ धरली तर पाणी तापतंय ३८ अंशांनी. आत २९०, बाहेर ३२८. झालं, सीएफडीच्या आधीच आउटलेट टेंपरेचर तुमच्या हातात! सिम्युलेशनमध्ये याच्यापेक्षा चार-पाच अंश इकडेतिकडे झाले तर समजू शकतो, शंभर अंश इकडेतिकडे म्हणजे चूक.

पुढे. मधल्या उंचीची घनता ७१५ धरली तर वेग ४.९ मीटर प्रति सेकंद. चिकटपणा ०.००००८७ पास्कल-सेकंद धरला तर रेनॉल्ड्स नंबर पावणेपाच लाखाच्या आसपास, म्हणजे भरपूर टर्ब्युलंट, लॅमिनारचा पर्याय चुकूनही ठेवू नका. डिटस-बोल्टरच्या सूत्राने उष्णता वाहून नेण्याचा गुणांक ३५ ते ३६ हजार वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन येतो. भिंतीवर उष्णता ६०३ किलोवॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे भिंत शेजारच्या पाण्यापेक्षा सरासरी १७ अंशांनी गरम.

घर्षणाचा दाबातला फरक ३६ किलोपास्कल, पाण्याच्या वजनाचा अजून २६. हे नुसत्या सरळ कांड्यांचं. खऱ्या असेंब्लीत स्पेसर ग्रिड (कांड्या जागेवर धरणाऱ्या जाळ्या) असतात, एका ग्रिडचा लॉस कोइफिशंट १ धरला तरी दर ग्रिडला साडेआठ किलोपास्कल वाढतात. ग्रिड न घेता मॉडेल केलं आणि खऱ्या रिॲक्टरच्या प्रेशर ड्रॉपशी तुलना केली तर जुळणारच नाही. दरवर्षी कोणीतरी हे करतंच.

आता उष्णतेचा आकार. रिॲक्टरमध्ये उष्णता उंचीभर सारखी नसते, मध्ये जास्त आणि टोकांना कमी, म्हणून कोसाइन घेतात. इथे दोन सापळे आहेत. एक, १८ हा सरासरी आकडा आहे, शिखर नाही. पूर्ण कोसाइनमध्ये शिखर सरासरीच्या १.५७ पट असतं, म्हणजे २८.३. तुम्ही १८ शिखर म्हणून टाकलं तर एकूण उष्णता ६५.९ ऐवजी ४२ किलोवॅटच जाते आणि पाणी २४ अंशच तापतं. दोन, कोसाइनमधला शून्य कांडीच्या मध्यावर असतो. तुमच्या मॉडेलमध्ये शून्य जर खाली इनलेटला असेल आणि सूत्र तसंच चिकटवलं तर वरच्या अर्ध्या भागात कोसाइन उणे होतो आणि कांडी पाण्यालाच थंड करायला लागते. चित्रात हे लगेच कळत नाही कारण रंग तर येतातच.

कोसाइन घेऊन हिशेब केला तर भिंतीचं सगळ्यात जास्त तापमान ३४२ अंशाच्या आसपास येतं आणि ते मध्यावर नाही, आउटलेटलाही नाही, तर मध्याच्या सुमारे ७२ सेंटिमीटर वर. कारण वर जाताना पाणी गरम होत राहतं आणि उष्णता मात्र मध्यानंतर कमी होत जाते, दोन्हींची बेरीज मध्येच कुठेतरी शिखर गाठते. वहीत हा आकडा आणि ही जागा दोन्ही लिहून ठेवा.

थांबा: ३४२ आणि ३४५ यांच्यात तीनच अंशांचं अंतर आहे. भिंतीचं तापमान ३४५ च्या वर गेलं की तिथे बारीक बुडबुडे सुरू होऊ शकतात, जरी मधलं पाणी अजून उकळत नसलं तरी. सिंगल फेज मॉडेलला बुडबुडा हा प्रकार माहीतच नाही, ते खुशाल ३७० अंश दाखवेल. तुमची केस तिकडे गेली तर एकतर उष्णता कमी करा नाहीतर रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा की इथून पुढे मॉडेल लागू नाही.

टप्पा ४: भूमिती छोटी करा आणि उष्णता पण त्याच प्रमाणात

सबचॅनल चारही बाजूंनी सारखा, म्हणून त्याचा पाव भाग पुरतो: ६.३ बाय ६.३ मिमीचा चौकोन, एका कोपऱ्यात पाव कांडी. कांडीचा पृष्ठभाग सोडून बाकीच्या सगळ्या उभ्या बाजूंना सिमेट्री (पलीकडेही असंच आहे असं सांगणारी अट).

चाळीस-बेचाळीस टक्के लोक इथे घसरतात असं म्हणणार होतो पण मोजलेलं नाही, खूप घसरतात एवढं नक्की. मागे एका ग्रुपची केस उघडली होती. पाव भाग बरोबर कापलेला, फ्लो पावच दिलेला, मेश देखणा, सगळं नीटनेटकं, पण आउटलेट ४४३ अंश सेल्सिअस, आणि खाली रिपोर्टमध्ये "हायर टेंपरेचर ॲट आउटलेट ॲज एक्स्पेक्टेड". १५५ बारला ४४३ अंशाला द्रव पाणी असूच शकत नाही, पण गुणधर्म स्थिर टाकलेले असल्यामुळे सॉल्व्हरने तक्रार केली नाही. सेटिंगमध्ये बघितलं तर भिंतीच्या बाउंड्री कंडिशनला मोड "पॉवर" आणि आकडा ६५९००. म्हणजे पाव कांडीवर अख्ख्या कांडीची उष्णता. ३८.२ च्या चौपट १५३, अधिक २९०, बरोबर ४४३. वहीतलं गणित शेजारी असतं तर दहा सेकंदांत सापडलं असतं.

म्हणून: पाव भागाला फ्लो ०.०७७ किलो प्रति सेकंद, उष्णता १६.५ किलोवॅट. सोपा उपाय म्हणजे उष्णता एकूण वॅटमध्ये देऊच नका, प्रति चौरस मीटर द्या, मग कितीही तुकडा कापला तरी आकडा तोच.

थांबा: मिक्सिंग व्हेन असलेला स्पेसर ग्रिड घेणार असाल तर सिमेट्री विसरा. व्हेन पाण्याला फिरवतात आणि शेजारच्या सबचॅनलमध्ये ढकलतात, सिमेट्री लावली की तो प्रवाह भिंतीला आपटल्यासारखा थांबतो.

टप्पा ५: मेश, भिंतीपासून सुरुवात

मेश म्हणजे किती लाख सेल असं नसतं. पहिला प्रश्न, भिंतीला लागून असलेला पहिला थर किती जाडीचा? बाकीचं नंतर.

आपल्या आकड्यांवरून घर्षण वेग ०.२ मीटर प्रति सेकंद येतो. त्यावरून वाय प्लस (घर्षण वेग आणि चिकटपणावरून काढलेलं भिंतीपासूनचं युनिट नसलेलं अंतर) १ म्हणजे भिंतीपासून ०.६ मायक्रॉन, वाय प्लस ३० म्हणजे १८ मायक्रॉन, १०० म्हणजे ६० मायक्रॉन. ०.६ मायक्रॉनचा थर लॅपटॉपवर झेपणार नाही असं नाही, पण ३.६६ मीटर लांबीला सेल इतके चपटे होतात की त्रास होतो. पहिल्या रनसाठी वॉल फंक्शन (भिंतीजवळचा थर थेट न सोडवता सूत्राने धरणं) घ्या आणि वाय प्लस ३० ते १०० मध्ये ठेवा.

ओपनफोम वाय प्लस मोजतं ते सेलच्या मध्यापासून, भिंतीपासून सेलच्या दुसऱ्या टोकापर्यंत नाही. म्हणजे मध्य ३५ मायक्रॉनवर पाहिजे तर थर ७० मायक्रॉनचा. हा दुपटीचा फरक लक्षात न घेतल्यामुळे बऱ्याच जणांचा वाय प्लस १५-२० वर येऊन बसतो, आणि ५ ते ३० हा पट्टा सगळ्यात वाईट, तिथे ना वॉल फंक्शन नीट चालत ना थेट सोडवणं.

बाकी भागात आडव्या छेदात पाव मिमीचे सेल, उभ्या दिशेला ५ मिमी. एकूण साडेतीन-चार लाख सेल होतात. ओपनफोमला दहा लाख सेलमागे ढोबळमानाने एक जीबी मेमरी लागते, म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर आरामात बसतंय. टेट्रा (चार तोंडांचे) सेल भरू नका, सरळ छेद ओढून वर ताणलेला हेक्सा (सहा तोंडांच्या सेलचा) मेश करा, इथे भूमितीच तशी आहे.

तपासा: चेकमेश चालवा. नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (सेलचा तिरपेपणा) ७० अंशांच्या खाली? उणे व्हॉल्यूमचा एकही सेल नाही? आणि साधी गोष्ट, मॉडेलची लांबी खरंच ३.६६ मीटर आहे ना, ३६६० मीटर नाही ना? कॅडमधून मिमीमध्ये आलेली फाइल स्केल करायची राहते.

टप्पा ६: गुणधर्म आणि बाउंड्री भरा

सॉल्व्हर बॉयंटसिंपलफोम. ओपनफोमच्या दोन शाखा आहेत, फाउंडेशनची आणि ईएसआयची, आणि फाउंडेशनच्या ११ व्या आवृत्तीपासून (२०२३) सगळं फोमरनमध्ये गेलंय. यूट्यूबवरचा व्हिडिओ एका शाखेचा आणि तुमचं इन्स्टॉलेशन दुसऱ्या शाखेचं असेल तर नावंच जुळणार नाहीत, आधी तेवढं बघून घ्या म्हणजे दोन रात्री वाचतील.

घनता, विशिष्ट उष्णता, चिकटपणा, उष्णतावहन हे चारही तापमानाचे पॉलिनॉमियल म्हणून द्या. फिट २८० ते ३४४ अंशांच्या पट्ट्यात करा आणि केल्विनमध्ये करा, कारण सॉल्व्हर केल्विन टाकणार आहे. सेल्सिअसमध्ये केलेला फिट टाकला की घनता कुठेही जाते, कधी उणे पण. पॉलिनॉमियलची डिग्री वाढवून फिट सुंदर करायच्या नादी लागू नका, पट्ट्याबाहेर गेल्यावर जास्त डिग्रीचा पॉलिनॉमियल सुसाट सुटतो आणि पहिल्या काही इटरेशनमध्ये तापमान पट्ट्याबाहेर जातंच. त्याला लगाम म्हणून लिमिट टेंपरेचर लावा, खाली ५५० केल्विन, वर ६४० केल्विन. पण शेवटच्या उत्तरात एकही सेल त्या मर्यादेला टेकलेला नसला पाहिजे, टेकलेला असेल तर उत्तर तुमचं नाही, लगामाचं आहे.

इनलेटला वेग ४.७ मीटर प्रति सेकंद (४.९ नाही, कारण २९० अंशाला घनता जास्त आहे, ३५०० भागिले ७४५). सगळ्यात बरं म्हणजे मास फ्लो रेटच द्या. टर्ब्युलन्स इंटेन्सिटी ३ टक्के, लांबी हायड्रॉलिक व्यासाच्या ७ टक्के, म्हणजे ०.८ मिमी, यावरून के (टर्ब्युलन्सची ऊर्जा) येतो साधारण ०.०३ आणि ओमेगा (ती विरण्याचा दर) ३८०-३९० च्या आसपास. १ आणि १ टाकून मोकळं होऊ नका. आउटलेटला दाब. टर्ब्युलन्स मॉडेल के-ओमेगा एसएसटी, टर्ब्युलंट प्रँटल नंबर ०.८५.

भिंतीवर उष्णता देताना तापमानाचा फिक्स्ड ग्रेडियंट देऊ नका, टर्ब्युलंट केसमध्ये भिंतीजवळचं प्रभावी उष्णतावहन वेगळं असतं आणि उष्णतेचा आकडा चुकतो. एक्स्टर्नल वॉल हीट फ्लक्स टेंपरेचर, मोड फ्लक्स, हे वापरा.

गुरुत्वाकर्षणाची दिशा. उभं मॉडेल झेड दिशेला असेल तर जी पण झेडला उणे. टुटोरियलमधून कॉपी केलेल्या केसमध्ये ती वाय दिशेला असते, बदलायची राहते.

टप्पा ७: रन, दोन हप्त्यांत

पहिला हप्ता: उष्णता शून्य, नुसता फ्लो. दाबातला फरक बघा, ३६ च्या आसपास आला की पुढे. दुसरा हप्ता: उष्णता चालू. एकदम सगळं चालू केलं आणि रन फुटला तर फ्लोमुळे फुटला की उष्णतेमुळे हेच कळत नाही.

इथे दाब बघताना पी नाही, पी-आरजीएच बघा. पी-आरजीएचमधून पाण्याच्या वजनाचा भाग काढलेला असतो, म्हणून त्याची तुलना ६२ शी नाही, ३६ शी करायची. उष्णता चालू केल्यावर वर पाणी हलकं होतं, वेग वाढतो, म्हणून आकडा ४० पर्यंत सरकतो, ते बरोबरच आहे.

सुरुवातीला अपविंड स्कीम (फर्स्ट ऑर्डर, प्रवाहाच्या मागच्या सेलची किंमत धरणारी) चालेल, रन स्थिर होतो. पण शेवटचं उत्तर सेकंड ऑर्डरवरच, लिनियर अपविंड. अपविंडवर सोडून दिलेला रन दिसायला गुळगुळीत असतो आणि तापमानातले खरे उतार पुसून टाकतो. रिलॅक्सेशन दाबाला ०.३, वेगाला ०.७ पासून सुरू करा.

रेसिड्युअल खाली आले म्हणजे झालं असं नाही. तीन मॉनिटर लावा: आउटलेटचं तापमान, भिंतीचं कमाल तापमान, दाबातला फरक. तिन्ही रेषा आडव्या झाल्या आणि पुढच्या काहीशे इटरेशनमध्ये हलल्या नाहीत की मगच थांबवा.

आणि आपल्याकडचं एक. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशाला लॅपटॉप स्वतःच कूलंट मागायला लागतो, वेग आपोआप कमी होतो, आणि लाइट कधी जाईल नेम नाही. राइट इंटर्व्हल छोटा ठेवा, पर्ज राइट ३ ठेवा म्हणजे डिस्क भरत नाही, स्टार्ट फ्रॉमला लेटेस्ट टाइम. लाइट आली की जिथं थांबलं तिथून पुढं. जमलं तर रन रात्रीच लावा.

टप्पा ८: उत्तर खरं आहे का

रंगीत चित्र अजून उघडू नका. आधी हे, याच क्रमाने.

पहिलं, आत आलेला फ्लो आणि बाहेर गेलेला फ्लो सारखा? दुसरं, उष्णतेचा हिशेब: आउटलेटची एन्थाल्पी वजा इनलेटची एन्थाल्पी, गुणिले फ्लो, बरोबर १६.५ किलोवॅट येतंय? एक टक्क्याच्या वर फरक असेल तर मागे जा. तिसरं, वाय प्लसचा खरा आकडा भिंतीभर बघा, नुसती सरासरी नको.

आउटलेटचं तापमान काढताना एरिया ॲव्हरेज घेऊ नका. भिंतीजवळचं पाणी गरम पण हळू, मधलं त्यामानाने गार पण जोरात. एरिया ॲव्हरेजमध्ये दोघांना सारखं वजन मिळतं आणि आकडा चढा येतो. फ्लोने वजन दिलेली सरासरी घ्या. मग तो ३२७-३२८ शी लावा.

भिंतीचं कमाल तापमान वहीत ३४२ होतं. तुमचं थोडं कमी येईल, घाबरू नका. डिटस-बोल्टर गोल पाइपसाठी आहे, कांड्यांच्या जुडग्यात उष्णता वाहून नेणं त्यापेक्षा १० ते ३० टक्के चांगलं असतं, कुठलं सूत्र धरता त्यावर. पण एकाच उंचीवर कांडीभोवती फिरून बघा, भिंतीचं तापमान सगळीकडे सारखं नसतं. दोन कांड्यांमधली फट ३.१ मिमीची, तिथे वेग कमी आणि भिंत जरा गरम. चौकोनाच्या मध्याकडे तोंड असलेली बाजू गार. हा फरक दिसत नसेल तर मेश फटीत फार जाड आहे. वहीच्या गणितातून कधीच मिळणार नाही अशी ही एकच गोष्ट सीएफडी देतं, त्यामुळे रिपोर्टमधलं मुख्य चित्र हेच असू द्या.

एक मर्यादा इथेच सांगतो. जुडग्यात आडव्या छेदात छोटे भोवरे फिरतात, वेग मुख्य प्रवाहाच्या मानाने अगदी कमी. एसएसटीसारखी साधी मॉडेल ते दाखवूच शकत नाहीत, त्यासाठी रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेल लागतं. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो.

टप्पा ९: मेश बदलून बघा आणि प्रयोगाशी लावा

तीन मेश करा. प्रत्येक पायरीला सेलची बाजू किमान १.३ पट लहान, तिन्ही दिशांना. "एक लाख, सव्वा लाख, दीड लाख" याला मेश स्टडी म्हणत नाहीत, बाजूत काही फरकच पडत नाही. वॉल फंक्शन असताना भिंतीचा पहिला थर तिन्ही मेशमध्ये ७० मायक्रॉनच ठेवा, नाहीतर बारीक करता करता वाय प्लस त्या वाईट पट्ट्यात घुसतो आणि उत्तर सुधारण्याऐवजी बिघडतं. मग रोशची जीसीआय (मेशमुळे उरलेली अनिश्चितता काढायची) पद्धत लावून आकडा द्या.

मेशने उत्तर हलत नाही हे व्हेरिफिकेशन. व्हॅलिडेशन वेगळं, ते प्रयोगाशी तुलना करूनच होतं. रॉड बंडलसाठी (कांड्यांच्या जुडग्यासाठी) ओईसीडीच्या अणुऊर्जा संस्थेचे, म्हणजे एनईएचे, बेंचमार्क आहेत: कोरियातला ५ बाय ५ कांड्यांचा मॅटिस-एच आणि जपानी मोजमापांवरचा पीएसबीटी. एखाद्या पेपरमधल्या सीएफडीशी तुमचं सीएफडी जुळलं याला व्हॅलिडेशन म्हणू नका, दोघांचीही चूक एकच असू शकते.

टप्पा १०: भारतातला रिॲक्टर घ्यायचा असेल तर

वरचं सगळं जमल्यावरच. कुडनकुळमचा व्हीव्हीईआर (रशियन पीडब्ल्यूआर) घेतला तर मांडणी त्रिकोणी आहे, कांडी ९.१ मिमी, पिच १२.७५ मिमी. चौकोनी सूत्र तिथे टाकू नका. त्रिकोणी सबचॅनलचं क्षेत्रफळ ३७.९ चौरस मिमी, ओला परीघ अर्ध्या कांडीचा म्हणजे १४.३ मिमी, हायड्रॉलिक व्यास १०.६ मिमी.

आपले २२० मेगावॅटचे पीएचडब्ल्यूआर (जड पाण्याचे रिॲक्टर) घेतले तर अजून बदल. ३०६ आडवे चॅनल, एकेकात १२ बंडल, बंडलमध्ये १९ कांड्या, आत २४९ अंश, बाहेर २९३ अंश. तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या ५४० मेगावॅट युनिटमध्ये ३९२ चॅनल आणि ३७ कांड्यांचे बंडल. चॅनल आडवा म्हणून गुरुत्वाकर्षण प्रवाहाला काटकोनात, आणि पाव भागाची सिमेट्री गेली, फार तर डावी-उजवी अर्धी मिळेल, तीही बंडलची मांडणी तशी असेल तर. कूलंट जड पाणी, त्याला आयएफ-९७ चालत नाही, ते साध्या पाण्याचं आहे. कूलप्रॉपमध्ये जड पाणी वेगळं निवडावं लागतं, घनतेतच दहा-अकरा टक्के फरक आहे.

बंडल एकामागे एक ठेवलेले असतात आणि शेजारच्या बंडलच्या कांड्या एका ओळीत येतीलच असं नाही, त्या थोड्या फिरलेल्या असतात. शिवाय प्रेशर ट्यूब वर्षानुवर्षांच्या रेडिएशनने आणि दाबाने फुगत जाते, मग वरच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून पाणी निसटतं आणि मधल्या कांड्यांना कमी मिळतं. प्रोजेक्टला नवीन विषय पाहिजे म्हणता ना, हा घ्या: आधी न फुगलेली ट्यूब, एकच बंडल, एंड प्लेट काढून, आणि त्याचा वहीतला हिशेब मला पाठवा, मेश नंतर बघू.